क्रिप्टोची फी नेमकी कुठे कुठे जाते आणि ती कमी कशी करायची (नवीन लोकांसाठी, पायरी-पायरीने)

क्रिप्टोमध्ये नवीन आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा हीच असते की अरे पाठवले इतके, पोचले कमी, मधले गेले कुठे? मग कोणीतरी सांगतं "गॅस लागतो रे" (गॅस म्हणजे नेटवर्कची फी), आणि तो बिचारा आठवडाभर गॅसचे चार्ट बघत बसतो. खरं सांगू का, छोट्या रकमेत खेळणाऱ्या आपल्यासारख्या लोकांचे जास्त पैसे गॅसमध्ये जातच नाहीत, ते त्याच्या आधी आणि नंतर जातात. म्हणून आधी गळती कुठेय ते बघू, मग नळ बंद करायचं बघू.

पायरी १: आधी हिशोब मांडा

समजा तुम्ही एक्सचेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीचं अ‍ॅप) १०,००० रुपयांचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) घेतले, स्वतःच्या वॉलेटला काढले आणि काही महिन्यांनी परत आणून विकले. यात काय काय कापलं जातं बघा.

घेताना एक्सचेंजची ट्रेडिंग फी, समजा ०.३ टक्के, म्हणजे ३० रुपये. त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये ४० पैसे (जीएसटी फीवर असतो, पूर्ण रकमेवर नाही, लोक उगाच घाबरतात). आता न दिसणारी गोष्ट, स्प्रेड. अ‍ॅपमध्ये ते मोठं "बाय" बटण असतं ना, एका टॅपमध्ये खरेदी, तिथे भाव बाजारापेक्षा थोडा चढा लावलेला असतो. दीड टक्का जरी धरला तरी १५० रुपये गेले, आणि वर लिहिलेलं असतं "झिरो फी"! मग विड्रॉल फी, ती एक्सचेंज ठरवतं, नेटवर्कला प्रत्यक्षात किती लागले त्याच्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. आणि शेवटी विकताना १ टक्का टीडीएस, साधारण १०० रुपये.

आता यात नेटवर्कची खरी फी किती? स्वस्त नेटवर्क निवडलं असेल तर कित्येकदा एक-दोन रुपये. म्हणजे दीडशे रुपये स्प्रेडमध्ये घालवून दोन रुपयांचा गॅस वाचवायला रात्री जागणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

हा हिशोब तुमच्या एक्सचेंजचे आकडे टाकून एकदा कागदावर करा. प्रत्येक एक्सचेंजच्या साइटवर "फीज" नावाचं पान असतं, खाली कोपऱ्यात कुठेतरी दडवलेलं, पण असतं.

पायरी २: खरेदी करतानाच वाचवा

टॅप करून घ्यायच्या ऐवजी स्पॉट ट्रेडिंगच्या पानावर जा आणि लिमिट ऑर्डर लावा. लिमिट म्हणजे "मला या भावाला मिळालं तरच दे". ऑर्डर बुकमध्ये तुमची ऑर्डर जाऊन थांबली तर तुम्ही मेकर, समोरची तयार ऑर्डर उचलली तर टेकर, आणि बऱ्याच ठिकाणी मेकरची फी टेकरपेक्षा कमी असते. पहिल्यांदा ते लाल-हिरवे आकडे बघून गरगरायला होतं हे मान्य, पण दोनदा केलं की सवय होते.

दुसरं, सरळ रुपयाची जोडी वापरा. बरेच जण काय करतात, रुपयाने यूएसडीटी घेतात आणि यूएसडीटीने बिटकॉइन घेतात, कारण यूट्यूबवरच्या कोणीतरी तसं दाखवलेलं असतं. तो बाहेर देशात बसलाय, त्याला चालतं. आपल्याकडे यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेणं म्हणजे यूएसडीटी विकणं झालं, त्यावर १ टक्का टीडीएस, ट्रेडिंग फी दोनदा, आणि त्या विक्रीचा वेगळा टॅक्स हिशोब. बिटकॉइनच घ्यायचाय तर रुपया-बिटकॉइन जोडीत घ्या, संपलं. शिवाय भारतात यूएसडीटीचा रुपयातला भाव डॉलरच्या बँक रेटपेक्षा बरेचदा वर असतो, तो फरकही खिशातूनच जातो.

पीटूपीने (थेट दुसऱ्या माणसाशी सौदा) स्वस्त पडतं म्हणून लगेच तिकडे उडी मारू नका. समोरच्याने पाठवलेले पैसे फसवणुकीतले निघाले तर सायबर पोलीस तुमच्या बँक खात्यावर लीन लावू शकतात (म्हणजे पैसे अडकवून ठेवतात), आणि मग ते सोडवायला दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार. शंभर रुपये वाचवायला एवढं नको.

पायरी ३: काढायची गरज आहे का, हे विचारा

विड्रॉल फी बहुतेक ठिकाणी ठरावीक असते, म्हणजे ५०० रुपयांचं काढा की ५०,००० चं काढा, तेवढीच. त्यामुळे दर आठवड्याला थोडं थोडं काढणाऱ्याला ती सगळ्यात महाग पडते. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवायचंच असेल (आणि मोठी रक्कम असेल तर ठेवावंच, एक्सचेंज हॅक झालेली उदाहरणं आपल्या देशातही आहेत) तर थोडं साठू द्या आणि एकदम काढा. किती साठू द्यायचं? माझा साधा नियम, विड्रॉल फी रकमेच्या अर्ध्या टक्क्याच्या आत बसली की काढायचं.

आता नेटवर्क निवडणं. विड्रॉलच्या पानावर यूएसडीटी निवडलं की खाली यादी येते: इथेरियम म्हणजे ईआरसी-२०, ट्रॉन म्हणजे टीआरसी-२०, बीएनबी चेन म्हणजे बीईपी-२०, पॉलिगॉन, सोलाना, आर्बिट्रम असं काय काय. प्रत्येकासमोर फी वेगळी. सगळ्यात कमीवर बोट ठेवायच्या आधी तीन गोष्टी बघा.

एक, जिथे पाठवताय तिथे ते नेटवर्क चालतं का. ट्रॉनचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो म्हणून तिथे चूक सहसा पकडली जाते, पण इथेरियम, बीएनबी चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम या सगळ्यांचे पत्ते दिसायला अगदी सारखे, शून्य-एक्सने सुरू होणारे, त्यामुळे चुकीच्या नेटवर्कवर पाठवलं तरी सिस्टीम अडवत नाही. तुमच्या स्वतःच्या वॉलेटला गेलं असेल तर नेटवर्क बदलून सापडतं, पण समोर एक्सचेंज असेल आणि ते नेटवर्क त्यांच्याकडे नसेल तर सपोर्टच्या मागे लागा, मिळाले तर मिळाले.

दोन, त्या नेटवर्कचं स्वतःचं नाणं तुमच्याकडे आहे का. इथे नवीन लोक हमखास अडकतात. वॉलेटमध्ये पॉलिगॉनवर ५० यूएसडीटी आहेत, पण पुढे पाठवायला फी लागते पीओएलमध्ये (आधीचं मॅटिक, सप्टेंबर २०२४ पासून पीओएल झालं), आणि पीओएल शून्य. पैसे दिसतायत, हलत नाहीत. म्हणून कुठल्याही नेटवर्कवर जायच्या आधी तिथलं नाणं थोडंसं पाठवून ठेवा, इथेरियम, आर्बिट्रम, बेसवर ईथर, बीएनबी चेनवर बीएनबी, सोलानावर सोल, ट्रॉनवर टीआरएक्स.

तीन, मोठी रक्कम असेल तर आधी छोटी पाठवून बघा. हो, फी दोनदा जाईल. ही एक फी वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ४: बिटकॉइनची फी समजून घ्या

बिटकॉइनमध्ये तुम्ही किती रुपयांचं पाठवताय याचा फीशी काडीचा संबंध नाही. कुरिअरवाला पाकिटातला चेक कितीचा आहे ते बघतो का? पाकिटाचं वजन बघतो. इथे वजन म्हणजे ट्रान्झॅक्शनचा डेटा, तो व्ही-बाइटमध्ये मोजतात, आणि दर असतो सॅट प्रति व्ही-बाइट. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी, लाडाने सॅट.

साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक (ट्रान्झॅक्शनचा गठ्ठा) येतो आणि त्यात जागा ठरलेली. बाकी सगळे मेमपूलमध्ये (वेटिंग लिस्ट) ताटकळत, आणि मायनर (ब्लॉक बनवणारा) जास्त दर देणाऱ्याला आधी घेतो. गर्दी नसली की १-२ सॅटमध्येही काम होतं, गर्दी झाली की शेकड्यात जातं. २० एप्रिल २०२४ ला हॅल्व्हिंग (मायनरचं बक्षीस निम्मं होणं) झालं त्याच दिवशी रून्स नावाची टोकनची भानगड सुरू झाली, आणि त्या ८,४०,००० नंबरच्या ब्लॉकमध्ये लोकांनी नुसती फी म्हणून ३७ पेक्षा जास्त बिटकॉइन भरले. ज्यांनी दोन-चार दिवस थांबून पाठवलं त्यांना त्याच कामाला त्याच्या कितीतरी कमी लागले. म्हणून पाठवायच्या आधी मेमपूल डॉट स्पेस उघडायचं, वरच आजचा दर दिसतो, हाय, मीडियम, लो. घाई नसेल तर लो.

आता वजनाचं गणित, कारण खरी गंमत इथे आहे. वॉलेटमध्ये बॅलन्स एकच आकडा दिसतो पण आत तो तुकड्यांचा असतो, जितक्या वेळा तुम्हाला बिटकॉइन आले तितके तुकडे. पाठवताना जितके तुकडे जोडावे लागतील तितकं वजन वाढतं. बीसी-वन-क्यूने सुरू होणाऱ्या पत्त्यावर एक तुकडा वापरून केलेलं साधं ट्रान्झॅक्शन साधारण १४१ व्ही-बाइट भरतं, आणि प्रत्येक जादा तुकडा ६८ व्ही-बाइट वाढवतो. म्हणजे दहा तुकडे जोडले तर साधारण ७५० व्ही-बाइट. दर १०० सॅट असताना पहिल्याला १४,१०० सॅट, दुसऱ्याला ७५,०००. हिशोबापुरता बिटकॉइन ८० लाखाला धरला तर एकाला अकराशे रुपये आणि दुसऱ्याला सहा हजार, रक्कम दोघांची तेवढीच! एसआयपीसारखं दर आठवड्याला वॉलेटला काढणाऱ्यांना हे नंतर कळतं.

उपाय सोपा आहे, शांत दिवस बघून, दर २-३ सॅट असताना, सगळे तुकडे स्वतःच्याच नवीन पत्त्यावर एकत्र पाठवून द्या. याला कन्सॉलिडेशन म्हणतात. दहा तुकड्यांना दर ३ असताना साधारण २,२०० सॅट लागतात, त्याच हिशोबाने पावणेदोनशे रुपये. एक तोटा आहे, हे सगळे तुकडे एकाच माणसाचे आहेत हे चेनवर कोणालाही कळतं, ज्याला प्रायव्हसी महत्त्वाची वाटते त्याने विचार करून करा.

पत्त्याचा प्रकारही बघा. १ ने सुरू होणारा जुना पत्ता असेल तर प्रत्येक तुकडा ६८ ऐवजी १४८ व्ही-बाइट घेतो, म्हणजे दुपटीच्या वर. वॉलेटच्या सेटिंगमध्ये नेटिव्ह सेगविट (तोच बीसी-वन-क्यूवाला पत्ता) निवडायचं, एवढंच काम.

आणि कस्टम फी टाकताना शून्य मोजा हो. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सॉस नावाच्या अमेरिकन कंपनीकडून एका किरकोळ ट्रान्सफरला जवळपास २० बिटकॉइन फी गेली, तेव्हाचे पाच लाख डॉलर. ज्या मायनिंग पूलला (मायनरचा गट) ती मिळाली त्यांनी परत केली म्हणून निभावलं, पण परत करायची सक्ती कोणावरच नसते.

पायरी ५: इथेरियमचा गॅस

इथे वजन नाही, काम मोजतात. साधं ईथर पाठवायला २१,००० गॅस. यूएसडीटीसारखं टोकन पाठवायला साधारण ४५ ते ६५ हजार. डेक्सवर (कंपनीशिवाय चालणारं एक्सचेंज) स्वॅप, म्हणजे एक टोकन देऊन दुसरं घ्यायला लाख-दीड लाख किंवा जास्तही. या गॅसला आजच्या दराने गुणायचं, दर ग्वेईमध्ये, आणि एका ईथरचे शंभर कोटी ग्वेई. दर २० ग्वेई असेल तर साध्या ट्रान्सफरला ०.०००४२ ईथर, ईथर दोन लाखाचा धरला तर ८४ रुपये. तोच स्वॅप दीड लाख गॅसने ६०० रुपये. दर २ ग्वेई असेल तर ८ आणि ६० रुपये. आता ईथरस्कॅनचा गॅस ट्रॅकर का उघडायचा ते कळलं असेल.

ऑगस्ट २०२१ पासून या दराचे दोन भाग आहेत, बेस फी आणि टिप. बेस फी नेटवर्क ठरवतं आणि ती कोणालाच मिळत नाही, जाळून टाकली जाते. दर १२ सेकंदांच्या ब्लॉकला ती जास्तीत जास्त १२.५ टक्के वर-खाली होऊ शकते, म्हणजे गर्दी ओसरली की अर्ध्या तासात चित्र पूर्ण पालटू शकतं. वॉलेट विचारतं मॅक्स फी किती, तिथे थोडी जास्त टाकली तरी बिघडत नाही, न लागलेली कापली जात नाही. टिप मात्र पूर्ण जाते, ती उगाच वाढवू नका.

वेळेचं म्हणाल तर अमेरिका जागी असते तेव्हा महाग, म्हणजे आपली संध्याकाळ ते मध्यरात्र. आपल्याकडे सकाळी नऊ-दहापासून दुपारपर्यंत बहुतेक वेळा शांत, शनिवार-रविवारी आणखी शांत. पण एखादा मोठा मिंट (नवीन टोकन किंवा एनएफटी निघताना उडणारी झुंबड) किंवा बाजार कोसळण्याचा दिवस असेल तर सगळे नियम गुंडाळून ठेवायचे.

एक कटू गोष्ट: ट्रान्झॅक्शन फेल झालं तरी गॅस जातो. कॉम्प्युटरने काम केलं ना, मग पैसे त्याचे. स्वॅपमध्ये स्लिपेज (भाव किती हलला तरी चालेल ती मर्यादा) फारच कमी ठेवलं, भाव हलला, फेल, गॅस गेला, परत केलं, परत फेल. आणि "फी वाचेल" म्हणून गॅस लिमिट हाताने कमी करू नका, त्याने फी वाचत नाही, फक्त अर्ध्यात संपून फेल होतं. वॉलेटने सुचवलेलं लिमिट राहू द्या.

वॉलेटच्या आतलं स्वॅप बटणही फुकट नाही. मेटामास्क त्यावर ०.८७५ टक्के स्वतःची फी लावतं, म्हणजे ५०,००० च्या स्वॅपला साडेचारशे रुपयांच्या आसपास, गॅस वेगळा. सोय हवी असेल तर द्या, पण माहीत असू द्या.

खरी बचत मात्र लेयर टूवर (इथेरियमच्या वर बसवलेली स्वस्त नेटवर्क) आहे, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस ही मंडळी. मार्च २०२४ मध्ये डेनकन अपग्रेड आलं, लेयर टूला डेटा ठेवायला वेगळी स्वस्त जागा मिळाली आणि तिथली फी धाडकन खाली आली, आता साधं ट्रान्सफर रुपया-दोन रुपयांत किंवा पैशांत होतं. (२०२२ च्या मर्जने फी कमी झाली असं अजूनही लोक सांगतात, ते चूक, त्याने वीज वाचली, फी नाही.) पण तिथे जाताना ब्रिज (एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेणारी सोय) वापरला तर मेननेटचा, म्हणजे मूळ इथेरियमचा, गॅस लागतोच, म्हणून शक्य असेल तर एक्सचेंजमधून थेट आर्बिट्रम किंवा बेसवर विड्रॉल घ्या. परत येताना अधिकृत ब्रिजने आर्बिट्रमवरून काढायला साधारण सात दिवस लागतात, तेव्हा पैसे गायब झाले म्हणून घाबरू नका.

ट्रॉन आणि सोलानाबद्दल थोडं

"यूएसडीटी म्हणजे ट्रॉन, सगळ्यात स्वस्त" हा सल्ला जुना झालाय. ट्रॉनवर एनर्जी लागते (तिथला गॅसच म्हणा), ती नसेल तर टीआरएक्स जाळावे लागतात, आणि समोरच्या पत्त्यावर आधी यूएसडीटी नसेल तर एनर्जी जवळपास दुप्पट लागते, ६५ हजाराच्या ठिकाणी १ लाख ३० हजार. म्हणून एकाच माणसाला पाठवायची फी आज वेगळी आणि उद्या वेगळी दिसते.

सोलानावर मूळ फी ०.०००००५ सोल, म्हणजे पैशांत. पण नवीन टोकन पहिल्यांदा घेतलं की त्याचं खातं उघडायला साधारण ०.००२ सोल अडकतात. ही फी नाही, डिपॉझिट आहे, टोकन शून्य करून ते खातं बंद केलं की परत मिळतात. मीम कॉइनच्या मागे धावून ज्यांनी पन्नास रिकामी खाती करून ठेवलीत त्यांनी एकदा साफसफाई करा, ०.१ सोल निघेल.

पायरी ६: अडकलं तर

कमी दर लावला आणि ट्रान्झॅक्शन पेंडिंग राहिलं तर पैसे कुठेही गेलेले नसतात. बिटकॉइनमध्ये वॉलेटला आरबीएफ (पाठवल्यावर फी वाढवायची सोय) असेल तर "बंप फी" करून दर वाढवता येतो. मेटामास्कमध्ये "स्पीड अप" आणि "कॅन्सल" असतं, कॅन्सललाही गॅस लागतो. आधीचं अडकलेलं असताना त्याच वॉलेटमधून नवीन पाठवलं तर तेही मागे रांगेत अडकतं, त्यामुळे आधी पहिलं मोकळं करा.

आणि या वेळी टेलिग्रामवर जो "सपोर्ट" प्रगट होतो आणि म्हणतो अमुक गॅस फी भरा मग तुमचे पैसे रिलीज होतील, तो चोर आहे. खरी फी वॉलेटमधूनच कापली जाते, कोणाला वेगळी पाठवायची नसते. सीड फ्रेज (वॉलेटची किल्ली असलेले १२ किंवा २४ शब्द) मागितली तर ब्लॉक. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पायरी ७: टीडीएस आणि टॅक्स

१ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. हा खर्च नाही, तुमचाच आगाऊ भरलेला टॅक्स आहे. इन्कम टॅक्सच्या साइटवर २६एएस आणि एआयएसमध्ये दिसतो का बघा, आणि रिटर्नमध्ये व्हीडीए (सरकारी भाषेत क्रिप्टो) शेड्यूल भरून क्लेम करा, टॅक्स कमी निघत असेल तर रिफंड येतो. छोटी रक्कम म्हणून कित्येक जण सोडून देतात, आणि वर्षभर सतत ट्रेड करणाऱ्याचा हाच आकडा बाकी सगळ्या फीपेक्षा मोठा निघू शकतो. कारण तो नफ्यावर नाही, प्रत्येक विक्रीच्या रकमेवर कापला जातो.

नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस. यात खरेदीची किंमत सोडून दुसरं काही वजा करता येत नाही, म्हणजे तुम्ही भरलेला गॅस आणि विड्रॉल फी नफ्यातून वजा होत नाही, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात लावता येत नाही. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटला पाठवणं ही विक्री नाही, त्यावर टीडीएस नाही. पण स्वॅप ही विक्री आहे, वॉलेटमध्ये केला तरी. त्यामुळे प्रत्येक व्यवहाराची तारीख, त्या दिवशीचा रुपयातला भाव, फी आणि ट्रान्झॅक्शन हॅश (व्यवहाराचा नंबर) एका एक्सेल शीटमध्ये त्याच दिवशी टाकत जा, जुलैमध्ये सीए मागेल तेव्हा जुने स्वॅप शोधत बसावं लागणार नाही.